मुकं गाव

विलासमामा सुरतेहून आला तेव्हा पुढच्या जिन्याने आला नाही. मागच्या गल्लीतून, मोरीच्या बाजूचा लोखंडी जिना चढून आला आणि स्वयंपाकघराच्या दाराला नखाने खरवडल्यासारखं वाजवलं. आई भाकरी थापत होती. पितृपक्ष चालू होता, खाली राहणाऱ्या घरमालकीण अक्कांनी गच्चीवर ठेवलेल्या पानावर कावळ्यांचा गोंधळ चालला होता, म्हणून पहिल्यांदा आम्हाला ते कावळेच वाटले. दार उघडलं तर मामा. दाढी वाढलेली, तोंडाला रुमाल, एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात जुन्या चादरीत गुंडाळलेलं एक खोकं, ते त्याने छातीशी लहान मूल धरावं तसं धरलं होतं. आईला पाहून तो म्हणाला, "ताई, पहिले दार लोटी दे."

त्या दिवसांत सुरतेहून येणारा माणूस म्हणजे काय हे सांगायला हवं. सुरतेत प्लेग आला होता. आमचं जळगाव सुरतेच्याच रेल्वेमार्गावर. रोज गाड्या भरभरून माणसं उतरत होती, आणि स्टेशनावर सुरतेच्या लोकांना बाजूला काढतात, दवाखान्यात नेऊन कोंडतात, तिथून कुणी परत येत नाही, असं सगळे सांगत होते. पाहिलं कुणीच नव्हतं. मामा म्हणून अमळनेरलाच उतरला होता आणि तिथून केळीच्या रिकाम्या ट्रकमध्ये मागे बसून आला होता. "बठ्ठं सुरत खाली व्हई ऱ्हायनं," तो आईला सांगत होता, "टेसनवर पाय ठेवाले जागा नही." आई त्याच्याशी नेहमी अहिराणीत बोलायची, आमच्याशी शहरातलं मराठी. तिने त्याला पाणी दिलं, पण हातात दिलं नाही. तांब्या ओट्याच्या कडेवर ठेवला आणि मागे सरकली. मी ते पाहिलं. मामानेही पाहिलं. त्याने तांब्या उचलला आणि वरून पाणी तोंडात धरलं.

"तुले ताप शे का रे?" आईने विचारलं.

"नही व ताई. थकेल शे."

पण त्याचे डोळे लाल होते आणि भर दुपारी तो दोन्ही हात काखेत घालून कुडकुडत होता.

विलासमामा आईचा सगळ्यात धाकटा भाऊ. आम्ही आधी धुळ्याला, देवपुरात राहायचो, तेव्हा तो आयटीआय करायला आमच्याकडेच होता. मी तेव्हा पाचवी-सहावीत असेन. आमच्या कृष्णधवल टीव्हीला त्याने एक व्हिडिओ गेमचं यंत्र जोडलं होतं. तो ज्या दुकानात रेडिओ दुरुस्त करायला जाई, तिथे कुणी तरी बिघडलेलं टाकून गेलं होतं, ते त्याने चालू केलं. त्याबरोबर कॅसेटही एकच होती आणि ती सगळी जपानी अक्षरांची. शाळेतल्या मुलांकडे उड्या मारायचे, गोळ्या झाडायचे गेम असत. आमच्या गेममध्ये चार वाटसरू होते. ते एका गावातून निघत, रानातून जात, वाटेत राक्षस भेटत, गावागावांत माणसं भेटत आणि काही तरी बोलत. काय बोलत ते आम्हाला कधीच कळलं नाही. मामाने त्यावर उपाय काढला होता. पडद्यावर जपानी अक्षरं उमटली की तो त्या त्या माणसाच्या आवाजात अहिराणीत बोलायचा. तलवारीच्या दुकानदाराला "घेनं व्हई त घे भो, नही त रस्ता धर" असं म्हणायला लावायचा. राणी त्याच्या तोंडून बोलली की आई स्वयंपाकघरात हसून वाकायची, कारण ती थेट आमच्या आजोळच्या सरपंचीणबाईसारखी बोलायची. गावांना नावंही आम्हीच दिली होती, धुळ्याच्या आसपासची. पहिलं गाव सोनगीर, नदी पांझरा, आणि सगळ्यात शेवटी डोंगरावरचा राक्षसाचा किल्ला तो लळिंग.

लळिंगला मात्र आम्ही कधी पोचलो नाही. कॅसेटच्या आतली बॅटरी संपली होती, त्यामुळे यंत्र बंद केलं की सगळा प्रवास पुसला जायचा आणि पुन्हा सोनगीरपासून निघावं लागायचं. वीज गेली तरी तेच. त्या वाटेवरचं आम्ही गाठलेलं शेवटचं ठिकाण म्हणजे एक विचित्र गाव होतं. तिथे शिरलं की संगीत थांबायचं, एकच बारीक सूर वाजत राहायचा. सगळी दारं लावलेली. जी दोन-चार माणसं बाहेर होती, ती कितीही वेळा बोललो तरी एकच आखूड ओळ म्हणायची. मामालाही त्यांच्यासाठी काही सुचलं नव्हतं. आम्ही त्याला मुकं गाव म्हणायचो. मला तिथे भीती वाटायची, आणि मामा म्हणायचा, "अगं, दुपारचे झोपेल शेत ते."

पुढे नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जळगावला बदली झाली, आम्ही मेहरूणमध्ये अक्कांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो, आणि मामा सुरतेला टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात लागला. आता तो आला होता, आणि चादरीतल्या खोक्यात नवं यंत्र होतं. आधीच्यापेक्षा जड, राखी रंगाचं. कुडकुडत असतानाही त्याने मला डोळ्यांनी जवळ बोलावलं, मग आठवल्यासारखं हाताने थांबवलं आणि म्हणाला, "वैशू, आपला तोच गेम शे. कंपनीने पुन्हा काढला, या नव्या मशीनसाठी. रंगीत. आणि इंग्लिश! तू दहावीला शेस ना? आता आपल्याला सगळं समजेल."

मला आजही वाटतं, माणूस घर सोडून पळतो तेव्हा काय उचलतो यावरून तो कळतो. मामाने अंगावरचे कपडे, दोन शर्ट आणि हे एवढंच आणलं होतं.

नाना संध्याकाळी ऑफिसातून आले. ते पाटबंधारे खात्यात कारकून होते. सावध माणूस. प्यायचं पाणी उकळून ते स्वतः गाळायचे, आणि गॅसची कळ बंद आहे ना हे बघितल्याशिवाय घराबाहेर पडायचे नाहीत. मामाला पाहून ते दारातच उभे राहिले. चांगलंच बोलले, प्रवासाचं विचारलं, पण चपला काढल्या नाहीत. मग आई आणि ते गॅलरीत गेले आणि हळू आवाजात बोलू लागले. दवाखाना हा शब्द नाना तीन-चारदा म्हणाले. आई शेवटी म्हणाली, "तिथे नेला तर मला त्याचं तोंडही बघू देणार नाहीत. आधी ताप उतरू द्या." सकाळी नानांनी माझ्या धाकट्या भावाचे, संजूचे, कपडे पिशवीत भरले. "याला देवपूरला काकांकडे सोडतो. वैशूलाही नेतो." मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "ही गेली तर मला बाहेरचं कोण बघेल?" नाना म्हणाले, "संध्याकाळच्या गाडीने येतो मी." संजू नाचतच गेला, त्याला शाळा बुडाल्याचा आनंद होता.

नाना संध्याकाळी आले नाहीत.

आईने मामाला पुढची खोली दिली, कारण तिला खिडकी होती. जळगावला घेतलेला रंगीत टीव्हीही त्याच खोलीत. त्याने भिंतीकडे पाठ करून अंथरुणावर पडायचं, तोंडाला रुमाल बांधायचा, आणि मी उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, असा आईचा नियम. ताटही ती दारातून सरकवायची. मुगाची खिचडी, कधी पेज, वर लिंबाची फोड. तो दोन घास खाऊन झोपायचा. ताप चढला की दात वाजल्याचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत येई आणि आई कणकेचे हात तसेच घेऊन ऐकत उभी राही. मग घाम फुटे, ताप उतरे, आणि तो एकदम शुद्धीवर येऊन विचारी, "वैशू, जोडायचं का?"

त्यानेच उठून यंत्र टीव्हीला जोडलं, चॅनेल फिरवून चित्र आणलं, आणि माझ्या हातात द्यायचा रिमोट जमिनीवरून उंबरठ्याकडे ढकलून परत अंथरुणावर गेला. वायर ताणून जेमतेम उंबरठ्यापर्यंत पोचत होती. मी बाहेरच्या बाजूला मांडी घालून बसले. पडदा उजळला आणि तोच प्रवास सुरू झाला, पण काहीच ओळखू येईना. देवपुरात आम्ही ज्याला दगड समजायचो ती लाल फुलं होती. ज्याला रस्ता समजून किती वेळा चालत गेलो आणि का मरतोय ते कळलं नव्हतं, ती जांभळी, विषारी दलदल होती. तिच्यात पाऊल टाकलं की पडदा चमकायचा आणि ताकद कमी व्हायची. मामा पडल्या पडल्या कपाळावर हात मारून हसला आणि हसता हसता खोकला लागला. खोकला थांबेना. मी रिमोट खाली ठेवला. खालून अक्कांच्या घरातला रेडिओ एकदम बंद झाला, आणि मला वाटलं, त्या ऐकताहेत.

अक्का फैजपूरकडच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बाहेरगावी. घरातला एकुलता फोन त्यांच्याकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी जिन्याच्या खालून हाक मारली, "निर्मला, तुह्या मालकाचा फोन आहे." आई पदर सावरत खाली गेली. वर आली तेव्हा म्हणाली, "गाड्या बंद आहेत म्हणाले. सुरू झाल्या की येतील." आणि मटकी निवडायला बसली. थोड्या वेळाने अक्कांचा आवाज आला, त्या शेजारणीशी ओट्यावर बोलत होत्या, "माहा भाचा आत्ताच तर आला धुळ्याहून, एसटीनं." आईचा हात ताटलीत थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मटकीतला एक खडा उचलून तिने खिडकीतून बाहेर टाकला, आणि मग बराच वेळ नुसतीच ताटली फिरवत बसली.

त्याच दिवशी मोरीजवळ, पाण्याच्या पिंपाखाली, मेलेला उंदीर सापडला. आधी वास आला. मी वाकून पाहिलं आणि ओरडायला तोंड उघडलं, तर आईने मागून माझ्या तोंडावर हात ठेवला. एरवी आमच्या घरात वर्षाला चार उंदीर मरायचे. पण त्या दिवसांत उंदीर मेला की प्लेग आला असं लहान पोरही सांगत होतं. आईने तो चिमट्याने उचलला, वर्तमानपत्रात बांधला, रॉकेल ओतलं आणि गच्चीवर, कावळ्यांसाठी ठेवलेल्या पानांपासून लांब, जाळून टाकला. कावळे उठून दुसऱ्या गच्चीवर गेले. मी काखेत, मानेवर, जांघेत गाठ येते का ते दिवसातून कितीदा चाचपत होते ते सांगता येत नाही. घसा दुखतो का, आवंढा गिळून पाहायचे. मामाकडे बघताना तो वाचावा असं वाटायचं, आणि त्याच क्षणी त्याने खोकू नये, माझ्या दिशेने तर नकोच, असंही वाटायचं. दोन्ही एकदम वाटायचं.

अशा अवस्थेत गेम का खेळायचो, असं माझा मुलगा विचारतो. त्याच्या मोबाइलवर तो गेम हल्ली परत आलाय म्हणे, आणखी नव्या रंगांत. त्याने दाखवला तेव्हा पहिलं गाव बघून मी म्हटलं, बंद कर. तो हिरमुसला. पण तेव्हा त्या खोलीत दुसरं करण्यासारखं काय होतं? बोललो असतो तर त्याच एका गोष्टीबद्दल बोललो असतो. गेममध्ये निदान पुढे कुठे जायचं ते माहीत होतं.

आणि आता माणसं काय बोलतात तेही कळत होतं. मी इंग्रजी वाचायचे आणि मामाला मराठीत सांगायचे. त्याचं इंग्रजी आयटीआयपुरतंच. राणी सरपंचीणबाईसारखी नव्हती, फार गोड आणि लांबलचक बोलायची. तलवारवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला धन्यवाद म्हणायचा. मामा ऐकून नाराज झाला. "आपलाच चांगला व्हता," तो म्हणाला.

तिसऱ्या की चौथ्या दुपारी आम्ही मुक्या गावात शिरलो. आई औषधाच्या दुकानात गेली होती. प्लेगवर चालणाऱ्या कॅप्सूल कुठेच मिळत नव्हत्या, ती रोज वेगळ्या दुकानात रांग लावायची. संगीत थांबलं आणि तोच बारीक सूर सुरू झाला, नव्या यंत्रात तो सनईच्या तुटक्या सुरासारखा वाटत होता. दारं लावलेली. एका दारासमोर बाई उभी. मी तिच्याशी बोलले. पडद्यावर अक्षरं एकेक करून उमटत गेली, आणि मी मनात वाचलं: जवळ येऊ नका. या घरात ताप आहे.

माझ्या हातातला रिमोट घामाने निसटायला लागला.

"काय म्हणते?" मामाने भिंतीकडून विचारलं.

मी म्हणाले, "पाहुणे आले, चहा टाकते, म्हणते."

"आणि तो म्हातारा?"

मी म्हाताऱ्याकडे गेले. म्हातारा म्हणत होता, काल माझा मुलगा गेला. तुम्ही तरी परत जा.

"म्हातारा म्हणतो, यंदा पीक चांगलं आहे."

रुमालावरून मामाचे नुसते डोळे दिसत होते, पडद्यावर लागलेले. "मग दारं का लावेल शेत?"

"ऊन आहे म्हणून," मी म्हणाले.

"हं," तो म्हणाला. "ऊन तर लय शे." आणि त्याने डोळे मिटले. मी यंत्र बंद केलं तरी तो सूर माझ्या कानात चालूच राहिला.

खिडकीखालून तेवढ्यात गल्लीतल्या माणसांचे आवाज आले. कुणी तरी म्हणत होतं, वरच्या घरात सुरतेचा माणूस आहे, नगरपालिकेला कळवा. दुसरा म्हणाला, सगळ्या घराला कुलूप लावतील, माणसांसकट. मामाने ते ऐकलं. तो उठून बसला. भिंतीला धरून उभा राहिला, खुंटीवरचा शर्ट घातला, बटणं लावली. टॉवेल भिजवून त्याने तोंडाभोवती गुंडाळला.

"कुठे चाललास?"

"दवाखान्यात. ताई राहिली असती तर जाऊ दिलं नसतं. तू गेम लाय, आवाज मोठा ठेव. खालच्यांना वाटेल आपण घरातच आहोत. ताईला सांग, मी झोपेल शे."

तो जिना उतरायला लागला. मी यंत्राकडे पाहिलं, रिकाम्या अंथरुणाकडे पाहिलं. मग पायात चपला सरकवल्या आणि त्याच्या मागे गेले.

जिन्याच्या पायथ्याशी अक्का उभ्या होत्या. त्यांनी मामाला आपादमस्तक पाहिलं. "कुठी चालला?"

"दवाखान्यात, अक्का. मी सुरतेहून आलो आहे. ताप आहे."

इतकं उघडपणे ते वाक्य आमच्या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं. अक्कांनी पदर नाकाला लावला आणि भिंतीला टेकत टेकत मागे सरकल्या. घरात शिरल्या आणि दार धाडकन लावलं. आतून कडीचा आवाज आला. आता त्या फोन करणार, मला वाटलं. आम्ही फाटकापर्यंत पोचतो तोच कडी पुन्हा निघाली. अक्का बाहेर आल्या, हातात मिटलेली काळी छत्री. ती त्यांनी लांबूनच ओट्याच्या कडेला ठेवली आणि चटकन दोन पावलं मागे झाल्या.

"ऊन लय आहे. घेऊन जा," त्या म्हणाल्या. "पोरी, तू मागं राहाय त्याच्या. आन् निर्मलाले मी सांगते."

मी छत्री उचलून मामाला दिली. त्यानंतर किती तरी भेदरलेली माणसं पाहिली, आणि प्रत्येक वेळी अक्कांची ती कडी दोनदा वाजलेली आठवते.

रिक्षावाले थांबत नव्हते. एक थांबला, मामाचा टॉवेल पाहिला आणि काही न विचारता निघून गेला. मग आम्ही चालतच निघालो. मामा छत्री घेऊन पुढे, मी मागे. तो दर थोड्या वेळाने वळून हात करायचा, अजून लांब राहा म्हणून. रस्त्यावर बहुतेकांच्या तोंडाला रुमाल होते, फक्त डोळे हिंडत होते, आणि सगळ्या डोळ्यांत एकच प्रश्न. एका वळणावर मामा बंद दुकानाच्या पायरीवर बसला. छत्री हातातून गळाली. डोकं गुडघ्यांत घालून तो थडथड उडायला लागला. त्याच्याजवळ जावं की नाही, मी तशीच उभी राहिले. मला वाटलं, इथेच होणार आता. मी मोठ्याने म्हटलं, "मामा, उठ ना रे. उठ, आलं जवळ." माझा आवाज रडका होता. तो उठला. आठवणीत ते सगळं अंतर फार लांब आहे. खरं पाहता ते तेवढं नाही, मी पुढे कितीदा त्या रस्त्याने गेले आहे.

दवाखान्याच्या आवारात सुरतेहून आलेल्यांसाठी वेगळं टेबल मांडलं होतं. मामाने टॉवेलमधून मोठ्याने नाव सांगितलं, गाव सांगितलं. आमच्या आजूबाजूची जागा आपोआप मोकळी झाली. तोंडावर पट्टी बांधलेली एक तरुण डॉक्टरीण आली, तिने त्याला आत नेलं. दार लागलं. मला व्हरांड्यात बसवलं. त्या दाराकडे मी इतकं टक लावून पाहिलं होतं की त्याच्या हिरव्या रंगाचे निघालेले पापुद्रे अजून डोळ्यांसमोर आहेत. माझ्याजवळ एक बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती. तिचा नवरा सकाळपासून आत होता. तिने मला विचारलं, "तुमचं कोन?" मी म्हटलं, "मामा." ती म्हणाली, "माझं हे." एवढंच आम्ही बोललो.

उन्हं कलली तेव्हा आई आली. धावत आली असावी, अंबाडा सुटला होता, आणि मुठीत कॅप्सूलची एक पट्टी होती. तिला शेवटी कुठे तरी मिळाली होती. मला वाटलं, आता मारणार. तिने माझी हनुवटी धरली, तोंड उघडलं, एक कॅप्सूल आत टाकली आणि म्हणाली, "गिळ." पाणी नव्हतं. मी तशीच गिळली. मग तिने शेजारच्या बाईकडे, तिच्या मुलाकडे पाहिलं, आणि पट्टीतली उरलेली अर्धी फाडून तिच्या हातात दिली.

दिवे लागायच्या वेळी एक नर्स बाहेर आली आणि मामाचं नाव घेतलं. आम्ही दोघी उभ्या राहिलो.

"रक्तात मलेरिया निघाला. छाती साफ आहे. दोन-तीन दिवस ठेवू, मग घेऊन जा."

आईला ते कळेना. "म्हणजे तो नाही?"

"बाई, मलेरिया म्हटलं ना. हिवताप."

आई खाली जमिनीवर बसली आणि हसायला लागली. "हिवताप! अगं बाई, हिवताप," असं म्हणत हसत राहिली, जणू कुणी घरात पाळणा हलल्याची बातमी दिली होती. आणि मग मी शेजारच्या बाईचं तोंड पाहिलं. तिच्या नवऱ्याचं अजून काही सांगितलं नव्हतं. आईने पदर तोंडाला लावून हसू आवरलं. त्या बाईच्या नवऱ्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा ती तिथे नव्हती.

मामा घरी आला तो काडीसारखा होऊन, पण भुकेला. आईने त्याला कळण्याची भाकरी आणि उडदाचं वरण दिलं, अक्कांनी जिन्यातून केळ्यांची फणी पाठवली. त्याच संध्याकाळी नाना संजूला घेऊन आले. पेपरात साथ ओसरल्याचं छापून आलं होतं. नाना जिन्यातच थांबले, वर यायला त्यांना वेळ लागला. आईने त्यांचं ताट वाढलं, पाण्याचा तांब्या भरून ठेवला. जेवताना ते म्हणाले, "गाड्या बंद होत्या." आई म्हणाली, "हो. सांगितलंत तुम्ही." त्यानंतर हा विषय आमच्या घरात निघाला नाही. पण बरीच वर्षं नाना बाहेरगावी निघाले की आई विचारायची नाही, परत कधी येणार म्हणून.

मामा आणि मी तो प्रवास पुढे नेला. आता मी उंबरठ्याच्या आत, त्याच्या शेजारी बसत होते. डोंगरावर एक मुळी होती, ती आणून दिली की मुक्या गावातली दारं उघडत. सगळी माणसं बाहेर आली, संगीत सुरू झालं. मी म्हाताऱ्यापाशी गेले.

"आते खरं वाच," मामा पडद्याकडे बघतच म्हणाला.

माझे कान तापले. म्हातारा म्हणत होता, मुलगा परत येणार नाही, पण तुम्ही आलात, आज आमच्याकडे जेवून जा. मी ते जसंच्या तसं वाचलं. मामाने मान हलवली. "मला 'फीवर' अन् 'गो' एवढं इंग्लिश येस गं," तो म्हणाला. लळिंगचा किल्ला आम्ही दिवाळीच्या सुट्टीत जिंकला. राक्षस मेल्यावर नुसती नावं वर सरकत गेली, फार वेळ. मामा पुढे सुरतेला परत गेलाच नाही, नाशिकला त्याने स्वतःचं दुकान टाकलं. तो आहे, बरा आहे, नातवंडांना ओरडतो.

नानांचं शेवटचं दुखणं लांबलं. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि सुट्टीत त्यांच्याजवळ राहायला आले होते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. एका दुपारी ते डोळे उघडून एकदम म्हणाले, "गाड्या चालू होत्या."

कुठल्या गाड्या, मी विचारलं नाही.

"मी रोज स्टँडवर जायचो," ते म्हणाले. "धुळ्याच्या. जळगावच्या गाडीत बसायचो, खिडकीशी. कंडक्टर तिकिटं फाडायला लागला की उतरायचो. एकदा एरंडोलपर्यंत आलो होतो. मग उतरलो, रस्ता ओलांडला आणि परतीच्या गाडीत बसलो." त्यांना दम लागला होता. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तू कशी गेलीस गं त्याच्याबरोबर? एवढीशी होतीस."

मामाने, आईने, संजूने, सगळ्यांनी मला त्याबद्दल जन्मभर धीट म्हटलं होतं. संजूने तर माझ्या लग्नात भाषणासारखं सांगितलं होतं. मी नानांना म्हटलं, "घरात एकटं बसायची जास्त भीती वाटली."

नानांनी चादरीतून हात बाहेर काढला, माझं मनगट धरलं, आणि त्यांना झोप लागेपर्यंत सोडलं नाही.